मारायचं, पण कुठलं?

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या घरी फोन केला की पहिला विषय रानडुकराचा. कणग्यांचे कंद उकरले, शेत तुडवलं, सुपारीच्या कुळागरात रात्रभर धुडगूस. त्यावर गोव्यात दोनच आवाज ऐकू येतात. ‘उपद्रवी जाहीर करा, बार काढू द्या’ हा बागायतदारांचा, आणि ‘त्यांच्या जंगलात आपणच घुसलो’ हा बहुतेक वेळा शहरातला. २०१६ मध्ये तर राष्ट्रीय पक्षी मोर आणि राज्यप्राणी गवा यांनाही उपद्रवी ठरवण्याची भाषा सरकारातून झाली होती.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार रीतसर चालते आणि वाद असतो तो कुठलं मारायचं याचा. २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूच्या शिंगाला निदान तीन टोकं असल्याशिवाय मोठ्या माणसाला नर मारता येत नाही. मादीसाठी परवाना वेगळा, आणि असे किती परवाने द्यायचे ते विभागवार ठरतं. कळप वाढतो माद्यांमुळे. नुसते शिंगवाले नर टिपून संख्या आटोक्यात येत नाही.

माझा शेजारी शिंगं शेवटी बघतो. पाय लांब, अंग सडपातळ म्हणजे दीड वर्षाचं पोर, सोडून द्यायचं. मान छातीत मिसळलेली, पोट उतरलेलं, पाय आखूड भासणारे, तो जुना नर. एकटंच पुढे आलेलं बिनशिंगी जनावर मादी समजून मारायचं नाही. ते बऱ्याचदा त्याच वर्षीचं नर पाडस असतं, डोक्यावर नुसती टेंगळं आलेलं. त्याच्या बाजूला मोठं हरीण उभं राहीपर्यंत थांबायचं. बरेचदा तो रिकाम्या हाताने घरी येतो, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

हे उचलून गोव्यात आणा, असं मी म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनियातले लांडगे माणसाने कधीच संपवले, म्हणून हरणं आटोक्यात ठेवायचं काम आता बंदुकीकडे आलं आहे. सत्तरीतल्या म्हादईच्या रानात वाघ अजून आहे. असला तरी २०२० च्या जानेवारीत तिथल्या गोळावली गावात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. विष आणि तारेचा फास यांना नर-मादी, पिल्लू, डुक्कर की बिबट्या, काही कळत नाही. मारणं चालूच आहे, निवड तेवढी होत नाही. सरसकट ‘उपद्रवी’ ठरवूनही तेच होईल, फक्त कायदेशीरपणे.

वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमात वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायची लेखी परवानगी, कारण नोंदवून, देता येते. सत्तरीतले माझे काका म्हणतात, “कागद येईस्तोवर कणग्या संपतात.” खरं आहे. म्हणून तो अधिकार गावाजवळ आणावा. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता तो स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला, आणि विष, स्फोटकं, विजेचा धक्का यांना मात्र मनाई ठेवली. सत्तरीतल्या पंचायतींनी आधी हे मागावं.