दारी हत्ती झुलवू इच्छिणाऱ्यांस

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ यांसारख्या महाकाय जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणण्याचे आपण ठरवलेच असेल, तर सर्वप्रथम एक पथ्य पाळावे : जबाबदार ब्रीडरच्या, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले देणाऱ्याच्या, वाऱ्यालाही उभे राहू नये. हा इसम विक्षिप्त असतो. आपण पैसे मोजायला तयार असताना तो आपल्यालाच प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असते, जिने किती चढावे लागतात, आधीचा कुत्रा कशाने गेला, अशा चौकशा करून वर ‘पुढचे वेत होईल तेव्हा बघू’ म्हणून थांबायला लावतो. मी याच जमातीतला असल्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो.

दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. माझ्या सातव्या प्रश्नाला त्यांचा संयम सुटला. “अहो, कुत्रा न्यायला आलोय, मुलाखत द्यायला नाही,” असे म्हणून ते उठले. कुत्रीच्या खुब्यांचे एक्स-रे आणि हृदयाच्या इकोचा अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला होता. त्याचे ओले वर्तुळ अजून त्या कागदावर आहे.

पिल्लू पाच आठवड्यांचेच उचलावे. आठ आठवडे आईजवळ राहून, भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावायचे नाही हे शिकलेले पिल्लू काय कामाचे? पुढे ७० किलोंचे झाल्यावर ते हा धडा आपल्या मनगटावर गिरवीलच.

आई कुठे आहे, असे विचारू नये. ‘ती दुसऱ्या घरी असते’ हे उत्तर पुरेसे मानावे.

दुर्मीळ रंगासाठी जादा पैसे आनंदाने द्यावेत. मर्ल (फिकट अंगावर गडद डाग) रंगाच्या दोन कुत्र्यांपासून झालेली पांढरीशुभ्र पिल्ले बहिरी किंवा आंधळी निघू शकतात, पण ते फोटोत कुठे दिसते?

करार वाचू नये. ‘कुत्रा सांभाळणे जमले नाही, तर कोणत्याही वयात तो मलाच परत करावा’ असे अपमानास्पद कलम त्यात असते.

आहाराबाबत मात्र हात सढळ ठेवावा. जन्मतः अर्धा-पाऊण किलोचा हा जीव वर्षभरात ५० किलोंच्या घरात जातो, तेव्हा त्याच्या हाडांना कॅल्शियम लागणारच. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या खाद्यात ते आधीच मोजून घातलेले असते, पण तसे पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि बारीक अक्षरे वाचायची नसतात. तेव्हा वरून गोळ्या, पावडर, सिरप, जे हाती लागेल ते द्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. घालाल त्यातले बरेचसे ते शोषतच राहते आणि हाडांची वाढ बिघडते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात नेमक्या ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे अभ्यासले गेले आहे. मला ते परवा झोपेत सुचलेले नाही. वजनाचेही तेच. गुटगुटीत पिल्लाचे सगळे कौतुक करतात आणि तो भार टोकांशी अजून कूर्चाच असलेल्या हाडांवर पडतो. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला पिल्लावर हात ठेवून दाखवतो. त्या गृहस्थांनाही दाखवले होते!

गेल्या रविवारी रात्री साडेअकरा वाजता त्यांचा फोन आला. पिल्लू दुसरीकडून, ‘विनाकटकट’ मिळाले होते. आता त्याचे पुढचे पाय वाकडे होऊन पंजे बाहेर फाकले होते. पाठवलेल्या व्हिडिओत ते चकचकीत फरशीवर घसरत, पुन्हा उठत होते, आणि मागे टेबलावर कॅल्शियमच्या दोन बाटल्या होत्या. “लवकर वाढावे म्हणून दुप्पट देत होतो,” ते म्हणाले. विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता.

असो. शेवटची सूचना पोटाबद्दल. या खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट कधी फुगून पीळ खाते. कुत्रा येरझाऱ्या घालतो, ओकाऱ्या काढतो, बाहेर काहीच पडत नाही. अशा वेळी शांतपणे सकाळपर्यंत... नाही, थांबू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. काही तासांत कुत्रा जातो. यावर मला उपरोध जमत नाही.

आणि खरे सांगायचे, तर बाकीच्यावरही जमत नाही. आम्ही प्रश्न विचारतो ते तुमचा पाणउतारा करायला नाही. जेमतेम ७ ते १० वर्षांचे आयुष्य मिळालेल्या ग्रेट डेनची पहिली दोन वर्षे तुम्ही हौसेपायी नासवता आणि मग रात्री-अपरात्री आम्हाला उपाय विचारता. बारा मिनिटे बसवले नाही तुम्हाला, पण माझा नंबर मात्र बरोबर जपून ठेवलात! पिल्लाचा काय दोष, म्हणून मी सांगितले, की वरचे कॅल्शियम आजच बंद करा आणि सकाळी पशुवैद्याकडे नेऊन एक्स-रे काढा.

सकाळी त्यांचा मेसेज आला : “डॉक्टरकडे न्यायलाच हवे का? एखादे औषध सांगा ना.”

हो, न्यायलाच हवे. आज.