‘नाटक करतेय, दुर्लक्ष करा’ वाल्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: स्वतःला इजा करून घेणारी मुलं फक्त लक्ष वेधतात, ज्याला खरंच मरायचंय तो बोलत नाही, विषय काढला की डोक्यात नसलेलं भरतं, आणि दवाखान्यात नेलं की पोलीस केस. मी कॅज्युअल्टीत नर्स होते, म्हणून लिहितेय.

लक्ष वेधायला? अहो, भर मे महिन्यात फुल बाह्या घालून येतात, विचारलं की मांजरानं ओरबाडलं म्हणतात. बऱ्याच जणी सांगतात की आतला कल्लोळ सहन होत नाही, इजा केली की थोडा वेळ शांत वाटतं, कुणाला सगळं बधिर झाल्यासारखं होतं. आणि समजा लक्ष हवंच असलं, तर द्या ना!

या मुलांना मरायचं नसतं, हे अर्धंच खरं. दरवेळी तो हेतू नसतो, पण आधी अशी इजा केलेली असणं हा पुढे आत्महत्येचा मोठा धोका आहे, आणि जखम बारीक म्हणून धोका बारीक असं नसतं. म्हणून प्रत्येक वेळी शांतपणे बसून बोलावं लागतं. "जगू नये असं वाटतं का?" हे थेट विचारल्यानं कल्पना भरत नाही, उलट विचारल्यावर कितीतरी जणी पहिल्यांदा रडल्यात.

सगळ्यात राग येतो तो शिक्षेच्या भाषेचा. एका सिनियरला मी म्हणताना ऐकलंय, भूल न देताच टाके घाला म्हणजे परत करणार नाही. ती मुलगी ऐकत होती! पुढच्या वेळी ती जखम घेऊन दवाखान्यात येईल का? उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची गाइडलाइन अशा शिक्षेच्या वागणुकीला साफ नाही म्हणते. उपचार आहेत, डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी) त्यातलीच, ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या.

राहिली पोलीस केस. मरायचा हेतू नसेल तर गुन्ह्याचा प्रश्नच नाही, आणि प्रयत्न असला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, शिक्षा नाही, काळजी घेणं सरकारचं काम. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करेल कदाचित, त्याला घाबरून उपचार टाळू नका. जखम असेल तर आधी दवाखाना, घरातली औषधं कुलपात ठेवा, आणि बोलायला कुणी हवं असेल तर सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली मानस १४४१६, रात्री दोनलाही लागतो, फुकट आहे.