ओहोटीला म्हणे समुद्र सुरक्षित!

कोल्हापूरच्या आत्याने काल रात्री साडेअकराला तो मेसेज पाठवला. 'गोव्याला जाताना या 7 चुका टाळा', त्याखाली जोडलेले हात आणि त्याखाली तिचा प्रश्न: "हे सगळं खरं ना रे? शनिवारी निघतोय, पोरं पण आहेत." महिनाभरात हाच मेसेज मला चौथ्यांदा आला. आधी तीनदा न वाचता पुसला. या वेळी पोरं पणजीला माझ्याच घरी उतरणार, म्हणून बसून वाचला.

पहिलीच टीप जिवावर बेतणारी आहे. पावसाळ्यात समुद्रात उतरायचंच असेल तर म्हणे ओहोटी बघून उतरा, पाणी मागे गेलेलं असतं. आणि जिथे लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा निवडा. लिहिणाऱ्याने समुद्र बहुतेक रंकाळ्यावर बसून पाहिला असावा.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, आणि त्या पाण्याला परत जायला वाट लागते. वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट घळ ही ती वाट. ओहोटीला उंचवट्यांवर पाणी कमी उरतं, त्यामुळे परतीचं बहुतेक पाणी त्या घळीतूनच जोराने बाहेर धावतं. हीच ती माणसाला आत खेचणारी ओढ. घळ खोल असते म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे काळपट, गप्प पट्टा दिसतो. म्हणजे या शहाण्याने ओढीची वेळ आणि ओढीची जागा दोन्ही नेमकी शोधून दिलीत! त्यात आमचा मिरामारचा किनारा मांडवी नदीच्या मुखाशी. पावसात नदीला चढलेलं गढूळ पाणीही ओहोटीबरोबर बाहेरच निघालेलं असतं.

2008 पासून सरकारने किनाऱ्यांवर 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक ठेवलेत. पावसाळ्यात लाल बावटे लागतात, आणि लाल बावट्यापाशी पाण्यात उतरायचं नसतं, भरती असो की ओहोटी. गेल्या पावसात मिरामारला एक जीवरक्षक शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता आणि कमरेएवढ्या पाण्यातला गृहस्थ त्याला हातानेच 'ओहोटी आहे, ओहोटी' असं समजावत होता. त्यालाही हाच मेसेज आला असणार. ओढीत कुणी सापडलाच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, किनाऱ्याला समांतर सरकावं आणि ओढ सुटली की वळावं. पण आत्या, तुझी पोरं घोटाभर पाण्यातही जाणार नाहीत. मी बरोबर असेन.

पुढची टीप: पणजीच्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीतली रंगीत घरं सरकारने जपलेली, रिकामी आहेत, दार उघडं दिसलं तर खुशाल आत जाऊन फोटो काढा. रिकामी! मी शेजारच्याच मळा भागात राहतो, तिथून चालत पाच मिनिटं. त्यातल्या एका घरातल्या आजींनी मे महिन्यात बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, सुपात भिरंडाची (कोकमाची) सोलं सुकत घातली होती. प्री-वेडिंगवाल्या जोडप्याने सूप उचलून गटाराच्या कडेला ठेवलं, का तर ते फ्रेममध्ये येत होतं. तिथे भिंतींवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या लागल्यात, त्या काही हौसेने नाहीत.

मग 'गोव्यात दारू कुठेही पिता येते'. स्वस्त मिळते, हे कबूल. कुठेही नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीनेच त्यात उघड्यावर पिणं, बाटल्या फोडणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं या सगळ्याला दंड आला, तेव्हा एकट्याला 2,000 आणि घोळक्याला 10,000 रुपये होता, पुढे वाढला. काकांना सांग, डिकीतला स्टोव्ह घरीच ठेवा.

जुन्या गोव्याबद्दल तर नुसत्या थापा. सेंट झेवियरचं शवप्रदर्शन दर 3 डिसेंबरला नसतं. त्या दिवशी फेस्त, म्हणजे त्यांचा वार्षिक सण असतो. प्रदर्शन दहा वर्षांनी, मागचं 5 जानेवारी 2025 ला संपलं. से कॅथेड्रलला एकच मनोरा मुद्दाम बांधलेला नाही, दुसरा 1776 मध्ये कोसळला. आणि बॉम जेझस चर्चच्या भिंती विटांच्या नव्हेत, जांभ्याच्या आहेत.

भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघून घ्या, ही टीप मात्र बरोबर आहे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा, पकडलं तर तुमची सहल पोलीस चौकीत. टॅक्सी महाग, हेही खरं. त्यावर मी काय बोलणार.

शेवटची टीप काय, तर मराठी बोललात की गोव्यात कुणी लुबाडत नाही. 31 जुलैपर्यंत यंत्रबोटींना मासेमारीबंदी, त्यामुळे मासळी महाग. माझ्याकडून बांगड्याचे किती घेतात ते आत्याने बाजारात येऊन ऐकावं.

हे सगळं तिला व्हॉइस मेसेजवर सांगितलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंस. पण मी ते आमच्या भिशीच्या ग्रुपवर सकाळीच टाकलंय रे."