लहान उद्योगांना नेमके कोण पोसते?

"लहान उद्योग म्हणजे अर्थव्यवस्थेवरचे ओझे. ते कर भरत नाहीत, सरकारी सवलतींवर जगतात, बँकांची कर्जे बुडवतात आणि पिढ्या लोटल्या तरी मोठे होत नाहीत. देश चालवतात त्या मोठ्या कंपन्या. तेव्हा लहानांचा टेकू काढून घ्यावा, तगेल तो तगेल." अर्थसंकल्प जवळ आला किंवा एखादी कर्जहमी योजना जाहीर झाली की या आशयाचा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरू लागतो. त्यातील काही भाग साफ चुकीचा आहे आणि काही एकेकाळी खरा होता. एक भाग आजही खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उफराटा आहे. म्हणून मुद्दे सुटे करून पाहिलेले बरे.

आधी 'लहान उद्योग' म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार शेती वगळता कंपनी म्हणून नोंद नसलेले असे ७.३४ कोटी व्यवसाय देशात होते आणि त्यांत १२.०६ कोटी माणसे काम करत होती. यांतील पाचांपैकी चारांहून अधिक ठिकाणी पगारी कामगार एकही नाही. शिवणयंत्रावर बसलेली बाई, पानटपरी, पिठाची गिरणी, घरातल्या माणसांवर चालणारे किराणा दुकान हे सगळे त्यात येते. दुसरीकडे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस कामगार ठेवून कास्टिंग काढणारी फाउंड्रीही कायद्याने 'लहान'च ठरते. पहिल्या गटातील बहुतेकांनी दुसरे काम मिळाले नाही म्हणून हा धंदा धरलेला असतो आणि त्यांना सरकारकडून मिळणारे जवळजवळ काहीच नसते. ते कोणाच्या खांद्यावर ओझे आहेत, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. 'लहान उद्योग हा देशाचा कणा' म्हणणारेही याच दोन गटांची सरमिसळ करतात, हे येथे मान्य केले पाहिजे.

कराचा मुद्दा लवकर आटोपतो. वस्तूंच्या व्यवहारात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर बहुतेक राज्यांत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरे. पण असा दुकानदार घाऊक बाजारातून माल आणतो तेव्हा त्यावरचा कर भरूनच आणतो आणि त्याची वजावट त्याला मिळत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला असलेल्या, ठोक दराने कर घेणाऱ्या कंपोझिशन योजनेतही एक टक्का कर स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो आणि खरेदीवरची वजावट सोडावी लागते. प्राप्तिकराचे चित्र तर मजकुरातल्या समजुतीच्या उलट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांसाठी, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांचा दर आला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांचा. भागीदारी संस्थेचा दर मात्र, अधिभार व उपकर वगळून, ३० टक्केच राहिला. भागीदारांचे वेतन वजा करता येते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी होतो. 'मग कंपनी काढा' हा सल्लाही नेहमी दिला जातो. तो देणाऱ्याने दरवर्षीचे लेखापरीक्षण, कंपनी निबंधकांकडची विवरणपत्रे आणि नफा घरी आणताना लाभांशावर पुन्हा लागणारा कर यांचा हिशेब एकदा करून पाहावा.

सवलतींच्या मुद्द्यात कर्जहमी आणि अनुदान यांची गल्लत आहे. मे २०२० मधील आपत्कालीन कर्जहमी योजनेचे तीन लाख कोटी रुपये लहान उद्योगांना 'वाटले' असे अजूनही लिहिले जाते. ते व्याजासह फेडायचे कर्ज होते. कर्जदाराने ते थकवले तरच सरकारची जबाबदारी उभी राहत होती. २००० सालापासून चालणाऱ्या पतहमी न्यासाच्या योजनेत तर हमीचे शुल्कच आकारले जाते आणि ते बहुतेक वेळा कर्जदाराच्या खात्यातून जाते. व्याजात सूट आणि भांडवली अनुदानाच्या योजनाही आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु टेकूचाच हिशेब मांडायचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा: २०१९ च्या कंपनी करकपातीमुळे वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज सरकारनेच तेव्हा सांगितला होता, आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेसाठी पाच वर्षांत १.९७ लाख कोटींची तरतूद जाहीर झाली, तिचा बराचसा रोख मोठ्या उत्पादकांकडे होता. ही धोरणे योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे. फक्त, एका सवलतीला 'गुंतवणूक' म्हणायचे आणि दुसरीला 'ओझे', यामागची मोजपट्टी तरी कळावी.

कर्जबुडवेपणाबद्दल एक आकडा पुरेसा आहे. बँकांचा थकीत कर्जांचा प्रश्न मार्च २०१८ च्या सुमारास शिगेला पोहोचला, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत पाच कोटी व त्यावरील कर्जदारांचा एकूण कर्जातला वाटा निम्म्याच्या थोडा वर आणि थकीत कर्जातला वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. या पाच कोटींच्या वर काही लहान-मध्यम उद्योगही येतात, हे खरे. तरीही थकबाकीचा डोंगर किराणा दुकानांनी आणि वर्कशॉपांनी रचला, असे यावरून म्हणता येत नाही.

आता त्या मजकुरातला सर्वांत वजनदार मुद्दा: लहान उद्योगांची उत्पादकता कमी आहे आणि ते वाढत नाहीत. याला २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीचा आधार दिला जातो. संघटित उत्पादन क्षेत्रातील निम्म्याहून अधिक उद्योग दहा वर्षांहून जुने असूनही शंभराहून कमी कामगारांचे आहेत आणि त्यांचा रोजगारातला वाटा १४ टक्के व उत्पादकतेतला अवघा ८ टक्के आहे, असे त्या पाहणीत म्हटले होते. आकडे गंभीर आहेत. मात्र ते संघटित कारखान्यांपुरते आहेत, आणि वर सांगितलेले बारा कोटी लोक त्या हिशेबात नाहीत. 'लहान उद्योग रोजगार देत नाहीत' हा निष्कर्ष त्यातून निघतच नाही. वाढ खुंटण्याच्या कारणांत पूर्वीच्या धोरणांचा हात होता, हेही खरे. १९६७ पासून ठरावीक वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या गेल्या आणि यादी पुढे आठशेच्या वर गेली; मोठे झालो तर आरक्षण जाईल, म्हणून लहानच राहण्यात शहाणपण होते. परंतु त्या यादीतल्या उरलेल्या वीस वस्तूही एप्रिल २०१५ मध्ये वगळल्या गेल्या. तो दोष आज पुढे करणे म्हणजे फिटलेल्या कर्जाची वसुली मागणे होय.

उत्पादकता मोजली जाते ती मूल्यवर्धनावरून, म्हणजे विक्रीच्या किमतीतून कच्च्या मालासारखा खर्च वजा केल्यावर जे उरते त्यावरून, आणि मूल्यवर्धन किमतीवर अवलंबून असते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातील वर्कशॉप वाहन कंपनीला एखादा भाग पुरवते, तेव्हा दर वर्षी 'कॉस्ट डाउन'च्या नावाने त्या भागाचा दर कापून मागितला जातो. भागाचा दर दोन टक्क्यांनी उतरला की तितके मूल्यवर्धन वर्कशॉपच्या रकान्यातून खरेदीदाराच्या रकान्यात सरकते. लेथवरच्या कामगाराने तेवढेच नग काढलेले असतात. उत्पादकतेतली सगळी तफावत अशीच निर्माण होते असे मुळीच नाही. जुनी यंत्रे, तोकडे व्यवस्थापन, प्रशिक्षणाचा अभाव ही कारणे खरी आहेत. पण यंत्र जुने का राहते, हे विचारले की गोष्ट उधारीपाशी येते, आणि याच ठिकाणी तो मजकूर पूर्णपणे गप्प आहे.

वर्षाला चार कोटींची उलाढाल असलेला एक पुरवठादार कल्पू. बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात असे धरले, तर त्याचे सुमारे एक कोटी रुपये कायम ग्राहकाकडे अडकलेले असतात. तेवढी रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून अकरा टक्क्यांनी उचलली तर वर्षाचे व्याज अकरा लाखांच्या घरात जाते. व्याजापूर्वीचा नफा आठ टक्के, म्हणजे बत्तीस लाख धरला, तर त्यातला तिसरा हिस्सा ग्राहकाच्या उधारीवर खर्च झाला, आणि नवे सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्र घ्यायचे ते याच पैशातून. शिवाय बिल फाडले की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारजमा करावा लागतो, पैसे आले असोत वा नसोत. खरेदीदार मात्र त्या कराची वजावट आधीच घेऊ शकतो. पैसे न दिल्यास ती परत करण्याची वेळ त्याच्यावर १८० दिवसांनंतर येते. थोडक्यात, लहान पुरवठादार मोठ्या ग्राहकाला बिनव्याजी खेळते भांडवल पुरवतो आणि त्याच्या वतीने करही आगाऊ भरतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्ये या क्षेत्राची कर्जाची तूट २० ते २५ लाख कोटींची असल्याचे नोंदवले होते, ते याच्या शेजारी ठेवून वाचावे.

'करार आवडत नसेल तर सही करू नये', असे यावर उत्तर येते. कायदा तसे म्हणत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसल्यास १५ दिवसांत. मालावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक ठरवते त्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला तरी ते साडेसोळा टक्के होते. एवढा कडक कायदा असताना तक्रार घेऊन सुविधा परिषदेकडे (थकीत बिलांचे वाद याच कायद्याखाली ऐकणाऱ्या मंडळाकडे) जाणारे थोडे का, याचे उत्तर कोणत्याही औद्योगिक वसाहतीत मिळेल: तक्रार केली की पुढची ऑर्डर येत नाही. निम्म्याहून अधिक माल एकाच कंपनीला जात असेल, तर तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणे म्हणजे स्वतःचे शटर खाली ओढणेच.

२०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या बाजूने यावर एक उपाय आणला. खरेदीदाराने या मुदतीत पैसे न दिल्यास त्याचा तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच वजावटीस पात्र ठरेल, असे ठरले. दिशा बरोबर होती. पण त्याची धार वर्षअखेरीसच जाणवते: जूनमधले बिल फेब्रुवारीत दिले तरी वजावट त्याच वर्षात मिळून जाते, आणि एप्रिल ते जानेवारी उशिराची सवय तशीच चालू राहते. बिले वटवण्यासाठी, म्हणजे बिलाचे पैसे बँकेकडून आधीच मिळवण्यासाठी, असलेल्या टीआरईडीएस या ऑनलाइन मंचांवर २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची झाली. मात्र नोंदणीची सक्ती म्हणजे प्रत्येक बिल तेथे मान्य करण्याची सक्ती नव्हे, आणि खरेदीदाराने मान्य केल्याशिवाय बिल वटत नाही.

उरला 'तगेल तो तगेल' हा मुद्दा. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी यांत कोण तगले, हे मालाच्या दर्जाइतकेच हाताशी किती रोकड होती यावरही ठरले, आणि ज्याची रोकड ग्राहकाकडे अडकलेली होती तो या कसोटीला आधीच मागे उभा होता. मोठा ग्राहकच दिवाळखोरीत गेला, तर पुरवठादार कायद्याच्या भाषेत 'व्यवहारी धनको' ठरतो. कर्ज देणाऱ्या बँका असलेल्या धनकोंच्या समितीत त्याला मत नसते, आणि कंपनी सावरण्याची योजना मंजूर करताना त्याच्या वाट्याला अनेकदा नाममात्र रक्कम येते. स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करावा, तर थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटीवर नेण्यात आली. वरच्या उदाहरणातल्या पुरवठादाराची सगळी उधारी चार ग्राहकांत विभागलेली असेल, तर त्यांपैकी एकाविरुद्धही त्याला या दाराने आत जाता येणार नाही.