मधमाशीच्या पेट्यांनी डाळिंबाची मादी कळी वाढत नाही

सांगोला, मंगळवेढा आणि पंढरपूर भागातल्या डाळिंब बागायतदारांच्या मोबाइलवर बहार धरायच्या दिवसांत एक संदेश हमखास येतो. त्याचा सारांश असा : प्रत्येक फूल मधमाशीने घडवले आहे, झाड तिच्या आवडीप्रमाणे आपले फूल बदलून घेते, हे बदल लाखो वर्षांपूर्वीच पूर्ण झाले, आणि बागेत पेट्या ठेवल्या, तर दर बहाराला मादी कळी, म्हणजे फळ धरणारी कळी, वाढत जाते. शेवटची दोन विधाने एकमेकांना छेद देतात, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

‘प्रत्येक फूल’ हा शब्दप्रयोग तर मंगळवेढ्याच्या ज्वारीपाशीच अडतो, कारण ज्वारीचे पराग मुख्यतः वाऱ्यावर जातात. आपल्या माळरानावरच्या तरवडाच्या पिवळ्या फुलात मध नसतो आणि परागकोशाला टोकाशी केवळ बारीक छिद्र असते. मोठा काळा भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा त्यातून पराग उडतो. नेहमीच्या मधमाशीला हे थरथरवणे जमत नाही.

झाड फूल ‘बदलून घेते’ हे म्हणणे ऐकायला गोड असले, तरी घडते ते वेगळेच. एकाच जातीच्या झाडांत फुलाचा आकार, वास, नळीची लांबी थोडी थोडी वेगळी असते. ज्या फुलांवर कीटक अधिक येतात त्यांचे बी अधिक धरते, आणि तो गुण आनुवंशिक असेल तर पुढच्या पिढीत तो वाढतो. हीच निवड. मुळात फरक नसेल किंवा बियांतून पिढी पुढे जात नसेल, तर कीटकाने कितीही फेऱ्या मारल्या तरी निवड होत नाही.

‘लाखो वर्षांपूर्वी पूर्ण झाले’ हा दावा सर्वांत कच्चा आहे. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका झटपट वाढणाऱ्या वनस्पतीचा एक गट बंबलबी या मोठ्या, केसाळ मधमाशीकडे आणि दुसरा फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माशीकडे सोपवला. 2017 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की अवघ्या 9 पिढ्यांत पहिल्या गटातली झाडे अधिक उंच आणि फुले अधिक सुगंधी झाली, तर दुसऱ्या गटात झाडे बुटकी राहिली आणि स्वपरागीभवन वाढले. पॅरिसच्या परिसरातल्या रानटी पॅन्सीची जुनी, साठवलेली बियाणी पुन्हा उगवून आजच्या रोपांशी ताडली, तेव्हा सुमारे 20 ते 30 वर्षांत फुले 10 टक्के लहान आणि मध 20 टक्के कमी झाल्याचे 2023 साली प्रसिद्ध झाले. कीटक घटत असल्याने फूल त्यांच्यावरचा खर्च आवरते आहे, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. एका जातीचे फूल सगळीकडे सारखेच असते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत एका लांब सोंडेच्या माशीची सोंड ज्या ठिकाणी अधिक लांब, तिथल्या त्याच जातीच्या फुलाची नळीही अधिक लांब आढळते.

आता पेट्यांकडे. मधमाश्यांमुळे सेटिंग, म्हणजे फळधारणा, सुधारते, हे खरे आहे आणि पेट्या जरूर ठेवाव्यात. पण भगवा या डाळिंबाच्या वाणाची बाग सहसा गुटी कलमांची, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून केलेल्या रोपांची असते, त्यामुळे बागेतली सारी झाडे अनुवंशाने जवळजवळ एकच. आणि त्या फळाच्या बियांपासून पुढची बाग कोणी लावत नाही. निवडीला लागणारे दोन्ही आधार इथे नाहीत. नर आणि मादी कळीचे प्रमाण झाडातला अन्नसाठा, बहारापूर्वी पाणी तोडून दिलेला ताण आणि हवामान यांनुसार बदलते, आणि मधमाशी फुलावर येण्याआधीच, कळीतच ते ठरलेले असते. त्यामुळे पेट्या ठेवल्यानंतरच्या बहाराला मादी कळी वाढली असेल, तर त्याचे कारण त्या वर्षीच्या ताणाच्या, खताच्या आणि छाटणीच्या नोंदींत शोधावे लागेल.