बाबांचा कोयता

आज सकाळी कामावर निघालो तर रस्त्याकडेचा डोंगर अर्धा गायब. परवा होता! तांबड्या मातीतून काजूची मुळं लोंबत होती आणि खाली जेसीबीवाला आरामात चहा पीत होता. विचारलं तर म्हणे, सगळे कागद आहेत, झोन बदलून घेतलाय.

मला बाबांचा कोयता आठवला.

१९९९ साली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्य झालं, २०८ चौरस किलोमीटर. पुढच्याच एका पावसाळ्यात बाबा दोडक्याच्या मांडवाला चार मेढी तोडायला रानात गेले. गार्डनं धरलं, कोयता काढून घेतला. बाबा कमरेला कोयता अडकवायची रिकामी आकडी घेऊन घरी आले. चार मेढींसाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा टक्क जागा होता!

आणि डोंगरांसाठी? गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ला कलम १७(२) घुसवलं, म्हणे आराखड्यातल्या चुका सुधारायला. चूक कसली, तर शेताला शेत म्हटलं ही. त्याचे नियम उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये रद्द केले, पण तोवर झोन बदलून देणारं दुसरं कलम, ३९अ, येऊन बसलं होतं. हे तेच गोवा, जिथे २०१६ला माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं. माडाला!! ओरड झाली तेव्हा पुढच्या वर्षी तो परत झाड झाला.

बरं, अभयारण्य नसतं तर सत्तरीतल्या त्या रानात खाणी शिरल्या असत्या, मान्य. गार्ड नियमानंच वागला, तेही.

जानेवारी २०२०मध्ये गोळावलीला वाघीण आणि तीन बछडे विषानं मेले, तेव्हा बाबा रात्री जेवले नाहीत. "वाघ्रो पूजणारी माणसं आपण," एवढंच म्हणाले. वाघ्रो म्हणजे वाघदेव. ज्याचा कोयता गेला तो माणूस हे म्हणतो. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयानं तीन महिन्यांत इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, तर सरकार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात धावलं. कारण काय, तर गावकरी. आमचे काका, चुलतभाऊ जमीन जाईल म्हणून घाबरलेत हे खरंच आहे. त्यांच्या काजूबागायतीवरच्या हक्काचे दावे वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवले, कोण घाबरणार नाही? पण त्यांची आठवण सरकारला वाघाच्या वेळीच बरी येते.

कोयता परत मिळालाच नाही. जप्तीचा कागद मात्र बाबांनी घरपट्टीच्या पावत्यांत जपून ठेवलाय. आजवर कुणाच्या जेसीबीचा असा कागद झाला असेल तर खाली फोटो टाका. मला बाबांना दाखवायचाय.