सिरममधला तांबडा-पांढरा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, नीटला काय जमलं न्हाई, पोरीला डीएमएलटीला घालू काय?" परवा तर रंकाळ्यावर फिरताना एका ओळखीच्या काकांनी थांबवून विचारलं. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. घाला की. पण "काय जमलं नाही म्हणून" घालू नका, एवढंच माझं म्हणणं असतं. ते त्यांना आवडत नाही.

अठरा वर्षं लॅबमध्ये काढली. त्यातली शेवटची काही इंटर्न पोरापोरींच्या मागं लागण्यात गेली. पोरं हुशार असतात. कुठल्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काय असतं ते झोपेत सांगतात. न्यूबॉर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेत, चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजून पन्नासनं गुणायचं, हेही पाठ. पेशी रंगवायचा लिशमन स्टेन किती मिनिटं, बफर किती, सगळं येतं. येत नाही ती एकच गोष्ट, आणि ती कुणी शिकवतही नाही: आलेला नमुना परत पाठवणं. "हा चालणार नाही, दुसरा द्या" हे वाक्य तोंडातून बाहेर काढणं.

माझ्याकडं पोरं आली की पहिल्याच दिवशी मी रश्श्याची गोष्ट काढते. कोल्हापूरच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. रक्त गोठलं, ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली की वर जे सिरम उरतं ते फिकट पिवळं, गव्हाच्या काडीच्या रंगाचं हवं. तांबडा दिसला तर लाल पेशी फुटल्यात. पांढरा दिसला तर चरबी तरंगतीय. ताटात तांबडा-पांढरा पाहिजेच, ट्यूबमध्ये दोन्ही नको.

पांढऱ्याचा किस्सा सांगते. गंगावेशीकडचा एक पैलवान सकाळी नऊला आला, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि सीबीसीला (रक्तपेशींची मोजणी). उपाशी आहात ना विचारलं. "व्हय की मॅडम, च्यासुदिक घेतला न्हाई." ट्यूब फिरवून बघते तर वर घट्ट पांढरं. परत बोलावून म्हटलं, पैलवान, खरं सांगा. तर म्हणे, "पहाटं कट्ट्यावर धारेचं दूध तेवढं पिलो. दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

आता लिपिडसाठी दरवेळी उपाशीच यायला हवं असं राहिलेलं नाही, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, खाण्यापिण्यानं वर जातात ते जातातच. शिवाय आपली बरीचशी मशीन नमुन्यातून उजेड सोडून मोजतात. नमुना गढूळ असला की उजेड अडतो आणि मशीन त्याचाही हिशेब धरतं. गड्याचं हिमोग्लोबिनसुद्धा आहे त्यापेक्षा जास्त दिसलं असतं. मशीनला दूध कळत नाही. ते बघायला तिथं माणूस बसवलेला असतो.

तांबड्याची गोष्ट मात्र माझीच आहे, आणि ती सांगताना मला अजून हसू येत नाही. मी शिकत होते तेव्हाची. रात्रपाळी. वॉर्डातून नमुना आला, सिरम चक्क डाळिंबाच्या रसासारखं. सिनियरला दाखवलं. ते मान वर न करता म्हणाले, "चालवून टाक, इतक्या रात्री कोण परत टोचणार." चालवलं. पोटॅशियम ७.१. साधारण ३.५ ते ५.१ हवं. मी आकडा लिहून वर पाठवला. रंगाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटल्या की ते सगळं सिरममध्ये. पेशंटच्या अंगात काही झालेलं नसतं, जे झालं ते ट्यूबमध्ये. बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, सुईतूनच रक्त ट्यूबमध्ये पिचकारीसारखं मारणं, नाहीतर ट्यूब गदागदा हलवणं. यातलं काहीतरी कुणीतरी केलं असणार. वर मात्र ७.१ म्हणजे हृदय कधीही दगा देईल असा आकडा. धावपळ झाली, ईसीजी काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन भरून तयार. ईसीजी नॉर्मल निघाला म्हणून डॉक्टरांनी हात आवरला. नवीन रक्त घेऊन सिस्टर स्वतः खाली आल्या. ४.३. त्या मला म्हणाल्या, "पोरी, तुला रंग दिसत नव्हता काय गं?"

दिसत होता, हेच तर दुखणं. नजर तयार झाली होती, तोंड तयार नव्हतं.

आमच्या क्षेत्रात सहीवरून किती रणं झाली, ते आतल्यांना माहीत आहे. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. मला तो निकाल पटतो. (काही सहकारी आता माझ्याशी बोलणार नाहीत, चालेल.) पण त्यातून पोरांनी भलताच अर्थ काढला: सही माझी नाही, म्हणजे जबाबदारीही माझी नाही. अरे, सही करणाऱ्यासमोर बहुतेक वेळा आकडा येतो, ट्यूब येत नाही. ट्यूब हातात धरलेला माणूस तू आहेस. आणि लॅबमधल्या बहुतांश चुका मशीनमध्ये होतच नाहीत, त्या आधी होतात, टोचण्यात, नाव घालण्यात, ट्यूब पोचवण्यात.

२०२१ मध्ये केंद्रानं आमच्यासारख्यांसाठी वेगळा आयोग नेमणारा कायदा केला. चांगलं झालं. पण एकोणीस वर्षांच्या पोरीनं वॉर्डात फोन करून "नमुना परत पाठवा" म्हणायचं आणि पलीकडून "तुला काय कळतंय?" ऐकून घ्यायचं, याला कायदा कुठवर पुरणार? ते रोज सराव करूनच येतं. खाजगीत तर आणखी अवघड. नमुना नाकारला की पेशंट चिडतो, ज्यांच्याकडून नमुना आला ते चिडतात, आणि मालक काही न बोलता नुसते बघतात.

नाकारणं सोपं नाही, हेही मान्य करते. चंदगड-आजऱ्याकडून नमुना गाडीवरून येतो. साखरेचं रक्त साध्या ट्यूबमध्ये, न फिरवता, तसंच. त्यातल्या पेशी वाटेत साखर खात बसतात, तासाला पाच-सात टक्के. तीन-चार तासांनी इथं पोचेपर्यंत डायबेटिसवाली म्हातारी कागदावर ठणठणीत! म्हणून तर पेशींचं साखर खाणं रोखणारी करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब असते. आता हा नमुना नाकारायचा म्हणजे त्या आजीला परत एसटीनं तालुक्याला यायला लावायचं, रोजगार बुडवून कुणीतरी सोबत यायचं. मी नाकारते. त्या रात्री जेवण गोड लागत नाही. पण म्हणून आकडा जाऊ द्यायचा?

तर काकांना मी सांगितलं, कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. रोज किती नमुने येतात ते विचारा, मुलांना मायक्रोस्कोपला हात लावू देतात काय ते बघा, आणि नाकारलेल्या नमुन्यांचं रजिस्टर दाखवा म्हणा. ते रजिस्टर कोरं असेल तर एकतर तिथं सगळे देव आहेत, नाहीतर सगळं चालवून टाकतात. काका म्हणाले, "आणि पगार?" पगार सुरुवातीला कमीच आहे, ते मी लपवलं नाही.

गेल्या वर्षीपासून आमच्या आतल्या परीक्षेत मी एक खोडी करते. पाच नमुन्यांत एक खोटा ठेवते, न सांगता. यंदा तांबडाही नव्हता आणि पांढराही नव्हता. साध्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं की काही जण जांभळ्या झाकणातलं थोडं त्यात ओततात, तसं केलं होतं. सिरम दिसायला एकदम पिवळं, देखणं. पण जांभळ्या झाकणात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं ईडीटीए असतं. म्हणून पोटॅशियम आभाळाला, आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून कॅल्शियम तळाला.

बहुतेकांनी दोन्ही आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. राधानगरीकडची एक पोरगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. तिनं आकडे लिहिले, त्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, "हा माणूस चालत आला असेल तर हा नमुना खोटा आहे. परत घ्यावा."

'परत'मधला त तिनं ट केला होता. मी लाल पेन खाली ठेवलं.